मयत ड्रिलमास्तरांची जपानी बोली

म्हादेव ड्रिलमास्तरांची आठवण आली की आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो. इतकी वर्षं झाली, हा क्रम कधी उलटा झालेला नाही. माणूस दिसायला अगदी साधा. काळा, उंच, खांद्यात जरासा वाकलेला, खाकी चड्डी, पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. मिशा तेवढ्या तहसीलदाराला शोभतील अशा. पण हा साधा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जपानी बोलत असे, आणि तेही लोहाऱ्यात!

लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. मी सोलापूरचा. तिकडे नोकरी मिळेना म्हणून मोगलाईत आलो. निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाईच म्हणत. लोहाऱ्याच्या सरकारी मदरशात मराठीचा मास्तर म्हणून चिकटलो. पहिल्याच सकाळी मैदानावर पोरांच्या रांगा उभ्या होत्या, मागची दोन-तीन कार्टी खुसुखुसू बोलत होती, आणि समोरून आरोळी आली, "आबुरा ओ उरु!" सगळी रांग ताठ झाली. मला वाटलं पश्तू असेल, नाहीतर अरबी. मोगलाईत काय काय चालतं याच्या गप्पा सोलापुरात भरपूर ऐकल्या होत्या.

"जपानी हाय ते," ड्रिलमास्तर माझा चेहरा बघून जवळ येत म्हणाले. "तेल इकायलेत."

"कोण तेल विकतंय?"

"ही पोरं ओ. त्येंच्यात काम सोडून कुनी गप्पा हानत बसला, तर म्हनतेत, तेल इकायलाय. तेल मापातून लई सावकाश उतरतं. तवर तेली दारातल्या बाईसंगं बोलत बसतो. आपला तेलीबी तसाच की!"

मी बघतच राहिलो. समोर निजामाचा पिवळा झेंडा, अंगाला उन्हाचा चटका, आणि हा गृहस्थ मला जपानातल्या तेल्याच्या सवयी सांगतोय. हसावं की आल्या पावली सोलापूरला परत जावं, मला कळेना.

मग हळूहळू समजलं. ड्रिलमास्तर सास्तूरचे, शेतकऱ्याचे एकुलते एक. निजामाच्या पलटणीत भरती झाले, पलटण समुद्रापलीकडे मलायात गेली, तिथं जपान्यांनी धरलं. लढाई संपेपर्यंत ते कैदेत होते. छावणीच्या मुदपाकखान्यात लाकडं फोडायचं काम मिळालं आणि तिथल्या एका म्हाताऱ्या जपानी आचाऱ्याच्या हाताखाली ही सगळी विद्या गोळा झाली. त्यांना जपानी वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. बाजाराचा रस्ता कुठला, एवढं विचारता आलं असतं की नाही, मला शंका आहे. पण असले वाक्प्रचार मात्र तोंडात गच्च भरलेले. आचारी एकेक करून दाखवायचा, म्हणजे वाटायचा, फेकायचा, धुवायचा, मोडायचा, आणि वर त्याचा रोजचा अर्थही हातवारे करून सांगायचा. मी वर्गात वाक्प्रचार घोकून घेणारा माणूस. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा माझा धंदा. ड्रिलमास्तर तोच उपयोग दिवसभर करीत, आणि माझ्यापेक्षा पोरांना त्यांचेच जास्त पाठ होते याचा मला रागही यायचा.

एकदा व्याकरणात मठ्ठ असलेल्या एका पोराच्या नावानं मी हात झटकले. लगेच मागून आवाज आला, "साजी ओ नागेरु. चमचा फेकू नका, मास्तर." रोग्याला आता काही उपाय नाही असं दिसलं, की वैद्य औषधाचा चमचा फेकून देतो. कुणी प्रयत्नच सोडून दिला तर तिकडे तसं म्हणतात. त्या पोराला मी पुढं वर्षभर शिकवलं, ते केवळ या चमच्याच्या लाजेनं.

"तुम्हाला मारलं का हो त्यांनी?" मी एकदा विचारलं.

"व्हय, मारलं की," ते सहज म्हणाले. "दात पाडले, नखं काढली." आणि मला काही बोलायला सुचायच्या आत पुढं सुरू, "पन एकदा म्या दिवसभर लाकडं फोडली, तर म्हातारा म्हनला, होने ओ ओरु, तू लई हाडं मोडलीस. म्या आपली हाडं चाचपायलो! मग कळलं, कुनी लई कष्ट घेतले की तसं म्हनतेत. बगा मास्तर, हाडं खरंच मोडली तवा कुनी चकार शब्द काढला न्हाय, आन् लाकडं फोडल्यावर म्हनले." हे सांगून ते खदखदून हसले.

शाळेचे मोठे मास्तर, सदर साहेब, हैदराबादेहून आलेले. भाषा दख्खनी, स्वभाव तापट, पोट विशाल. ड्रिलमास्तरांनी त्यांना 'हारा गा तात्सु' शिकवलं. राग आला की जपान्यांचं पोट उभं राहतं. उभं राहण्यासारखं पोट शाळेत एकट्या सदर साहेबांचंच, त्यामुळं त्यांना ते फार पटलं. दांडी मारून आलेल्या पोरासमोर पोटावर हात ठेवून ते गरजत, "अरे बदमाश, मेरा हारा गा तात्सु हो गया रे!" पोरं छडीपेक्षा त्या पोटाला जास्त भीत.

धाराशिवहून तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब तपासणीला आले तेव्हाची गोष्ट. आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोंडा घोळत होतो. मी तर साहेबांच्या टोपीचीसुद्धा तारीफ केली. मागं ड्रिलमास्तर एका तळव्यावर दुसरी मूठ गरागरा फिरवत उभे होते. सदर साहेबांनी डोळे वटारले, "ये क्या लगाये जी?" ड्रिलमास्तर सलाम ठोकून म्हणाले, "तीळ वाटतोय, साहेब." गोमा ओ सुरु! वाटताना तीळ खलाच्या चहूबाजूंनी चिकटतो, तसं साहेबाला चिकटणं. तपासणीचे साहेब जाईपर्यंत सदर साहेबांनी रुमालात तोंड खुपसलं होतं. मला मात्र टोपीची आठवण अजून खजील करते.

अशा माणसाला घरी जेवायला बोलवावं असं कुणालाही वाटेल. मी बोलावलं. बायकोनं शेंगाची चटणी, भाकरी, आमटी असा बेत केला. ड्रिलमास्तर आले ते स्वतःची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली घेऊनच. दारातल्या घागरीतून त्यांनी पायांवर पाणी घेतलं, आणि पाय धुऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

"आत या की," मी म्हणालो.

"हितंच बरं हाय. आशी ओ आराउ." पाय पुसत ते म्हणाले. "एकांद्यानं वंगाळ धंदा सोडला, चोरी म्हना, जुगार म्हना, की म्हनतेत त्येनं पाय धुतले. त्येंच्यात पाय धुऊन भाईर पडायचं, आन् आपल्यात पाय धुऊन आत यायचं. म्या आपला धुतो, न् भाईर बसतो."

मला वाटलं जातीचं काही असेल. आग्रह केला, पण ते हलले नाहीत. लिंबाखालीच पोटभर जेवले, ताटली स्वतः घासली आणि बायकोला वाकून नमस्कार करून गेले. ती म्हणाली, "चांगला माणूस आहे, पण विचित्रच."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दुकानातले शिवाप्पा वाणी मला थांबवून म्हणाले, "काय ओ मास्तर, काल मयताला जेवू घातलं म्हनं?"

"कोण मयत?"

"म्हादा की. तुमचा ड्रिलमास्तर."

मी हसलो. शिवाप्पा हसले नाहीत. माझं हसू तोंडातच राहिलं.

"पलटनीचा कागद आला, पत्त्या न्हाय म्हनून," तराजू खाली ठेवून ते सांगू लागले. "मग लई दिस वाट बगितली. गावदेवीला कौल लावला. देवीनं गेला म्हनून सांगितलं. पळसाच्या पानांचा मानूस केला आन् रीतसर जाळला. म्या सोता जेवलो की ओ त्येच्या तेराव्याला. लाडू होते."

"पण माणूस परत आला ना!"

"आला की. पन ज्येचं तेरावं जेवलं, त्यो दारातनं आत कसा येनार? त्येला पुन्हा जल्माला यावं लागतं. पाळन्यात निजायचं, आत्यानं कानात नाव सांगायचं, बारसं करायचं. मग जातीत यायचं. तवर त्यो मेलेलाच. त्येच्यासंगं कुनी जेवत न्हाय, कुनी बोलत न्हाय."

ज्या माणसाशी मी रोज बोलत होतो, ज्याच्या वाक्प्रचारांवर हसत होतो, तो या मुलखात मयत होता! सरकारच्या हजेरीवर जिवंत, जातीच्या हजेरीवर मेलेला. मी तसाच सदर साहेबांकडे गेलो. त्यांना सगळं ठाऊक होतं. "अजी मास्टर," ते वैतागून म्हणाले, "मैं तो रोज उनका सलाम लेता. मुर्दे का सलाम कैसा होता, मेरे को तो मालूम नै."

त्याहून मोठा धक्का पुढं होता. पाळणा तयार होता, आत्या तयार होती, आणि जन्माला यायला ड्रिलमास्तरच तयार नव्हते.

हे मला त्यांच्या वडिलांकडून कळलं. म्हातारा सास्तूरहून बैलगाडी हाकत शाळेत आला आणि पटांगणातल्या कट्ट्यावर बसला. ड्रिलमास्तर चार हातांवर उभे. म्हाताऱ्यानं मुलाकडं एकदा पाहिलं आणि तोंड माझ्याकडं वळवलं.

"मास्तर, त्येला सांगा, पाळना झालाय. सुतारानं सागाची फळी घातलीया, मोडायची न्हाय."

मी गोंधळून ड्रिलमास्तरांकडं पाहिलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते मला म्हणाले, "मास्तर, आबांना सांगा, पाळना ऱ्हाऊ द्या."

"त्येला म्हनावं, आत्या थकलीया. ती गेली तर कानात नाव कोन सांगंल?"

"आबांना म्हनावं, आत्याला जपा."

"त्येला इचारा, त्येच्या आईनं अजून किती दिस दाराला कडी घालायची न्हाय?"

बाप आणि लेक, मध्ये चार हातांचं अंतर, आणि दोघांचे शब्द मी या हातातून त्या हातात द्यायचे. म्हातारा उठला, गाडीतलं एक घोंगडं काढून कट्ट्यावर ठेवलं, माझ्याकडंच बघत "थंडी पडंल आता" म्हणाला आणि गेला.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ड्रिलमास्तर बघत राहिले. "कुबी ओ नागाकु शिते मात्सु," ते म्हणाले. "मान लांब करून वाट बगनं. छावनीत आमी बोटीची अशी वाट बगायचो. आता आबा बगायलेत."

माझा तोल गेला. "अहो, मग हे कसलं खूळ? एक दिवस पाळण्यात निजलात तर काय बिघडलं? म्हातारी माणसं तडफडतायत तिकडं!"

ते शांतपणे घोंगड्याची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, माजं लगीन झालं व्हतं."

हे मला नवीन होतं.

"माजं तेरावं झाल्यावर तिच्या बापानं तिचा म्होतूर लावला. तामलवाडीला." म्होतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, त्यांच्या जातीत ते चालत असे. "मानूस चांगला हाय. तिला एक पोरगं झालंय. म्या परत यायच्या आदीच."

"मग तुम्ही काडीमोड द्या! मोकळी करा तिला, आणि जन्माला या."

"काडी आता मोडून काय? पोर तवाचं हाय." आता त्यांचा आवाज जरा चढला. "मेलेल्याची बायकू म्होतूर लावती. जित्याच्या बायकूनं लावला तर तिच्या पोराला जातीत काय म्हनतेत, ठावं हाय का तुमाला? त्येला कुनी पंगतीला घेत न्हाय, कुनी पोरगी देत न्हाय. म्या पाळन्यात निजलो, की पंच म्हननार, म्हादा मेलाच नव्हता. मग ते पोर कुनाचं?"

खरं सांगतो, इतका हादरलो होतो की त्या दिवशी तासावर गेलोच नाही. एका न पाहिलेल्या, दुसऱ्याच्या पोरासाठी हा माणूस मेलेला राहत होता, आणि वर रोज सकाळी मैदानावर पोरांना तेल विकू नका म्हणून दटावत होता. मला त्यांचा राग आला, कीव आली, आणि सगळ्या पंचांना एकेका पाळण्यात कोंबावंसं वाटलं. त्यांना मात्र कुणाचाच राग नव्हता. त्यांचं पोट कधी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.

नंतरच्या हिवाळ्यात, शाळा भरायच्या वेळी, फाटकाशी एक अनोळखी माणूस आला. फेटा, खांद्यावर धाबळीत गुंडाळलेलं पोर, हातात नारळ. "म्या तामलवाडीचा," एवढंच तो म्हणाला. आता भांडण होणार, मी मनात म्हटलं. ड्रिलमास्तरांनी पोरांना मैदानाच्या पलीकडे पळायला पाठवलं आणि ते समोर येऊन उभे राहिले.

त्या माणसानं नारळ त्यांच्या पायांशी ठेवला आणि चक्क जमिनीवर डोकं टेकलं.

"पोर तापतंय ओ," तो म्हणाला. "उतारा झाला, अंगारा झाला. देवरुषी म्हनला, पयल्या मालकाची बाधा हाय. घरात तुमचा टाक केलाय आमी. सनाला आदी तुमाला निवद, मग आमाला. काय बी कमी केलं न्हाय."

मला ते पचायला वेळ लागला. देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, मूर्ती कोरलेले, ते मलाही ठाऊक होतं. तामलवाडीच्या त्या घरात ड्रिलमास्तरांचा टाक होता! समोर उभ्या असलेल्या, मिशा असलेल्या, मघाशीच शिट्टी फुंकलेल्या माणसाची रोज पूजा होत होती.

"टाक कसा हाय?" ड्रिलमास्तरांनी विचारलं.

"घोड्यावर बसलेला. हातात तलवार."

"घोडं?" ते किंचित हसले. "म्या पायदळात व्हतो की."

तो माणूस हसला नाही. हात जोडून म्हणाला, "रागावू नका. पन टाक तिथं आन् मानूस हितं, असं झालंय. दोनी जागी ऱ्हाताव तुमी, म्हनून पोर झुरतंय. एका जागी ऱ्हावा. सोडलं म्हना. पुन्हा ह्या मुलखात येनार न्हाय म्हना."

"हा शुद्ध वेडेपणा आहे!" मी ओरडलो. "हिवताप आहे तो! दवाखान्यातून कुनैन घ्या!" मी खरोखर धावत जाऊन शाळेच्या पेटीतल्या गोळ्या आणल्या आणि त्याच्या हातात कोंबल्या. त्यानं त्या मुकाट्यानं कनवटीला लावल्या आणि पुन्हा ड्रिलमास्तरांपुढं हात जोडले.

ड्रिलमास्तरांनी पोराला धाबळीतून उचललं. दीडेक वर्षांचं असेल. तापानं डोळे लाल झालेले, पण त्यानं हात वर करून मिशीचं टोक धरलं. ते तसंच धरू दिलं त्यांनी. मग त्याच्या कपाळावर हात ठेवून, वर्गात हजेरी देतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाले, "सोडलं. पुन्हा ह्या मुलखात येनार न्हाय." आणि पोर बापाकडं दिलं.

तो माणूस गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. हे काय केलंत? तुमचा विश्वास आहे का यावर? बाधा म्हणून स्वतःला घालवून घेतलंत?

"मिझु नी नागासु," ते म्हणाले.

"आता हे काय आणखी?"

"पान्यात सोडून देनं. झालं गेलं, कुनाचं चुकलं माकलं, समदं व्हात्या पान्यात सोडायचं, आन् पुन्हा त्येचं नाव काढायचं न्हाय. त्येंच्यात भांडन मिटलं की असं म्हनतेत." त्यांनी पायांशी पडलेला नारळ उचलून माझ्या हातात दिला. "घरी न्या. वैनीला म्हनावं, चटनी झाक झाली व्हती."

दुसऱ्या दिवशी ते सोलापूरच्या मोटारीनं निघाले. सदर साहेबांनी राजीनामा घेतला, फाडला, पुन्हा लिहून घेतला आणि पोट धरून आपल्या खोलीत जाऊन बसले. स्टँडवर मी होतो, शिवाप्पा वाणी होते, सास्तूरच्या जातीतली चार-दोन माणसं होती. त्यांतला एक पंच होता. बातमी कशी पोचली देव जाणे, पण म्हातारा पहाटेच गाडी जुंपून आला होता. माझ्यामार्फतही त्यानं काही निरोप दिला नाही. नुसता उभा राहिला. ड्रिलमास्तर मोटारीत चढले आणि खिडकीपाशी बसले, तोंड पुढं करून.

मोटार सुरू झाली, हलली, आणि म्हातारा एकदम तिच्यामागं धावला. "म्हादा!" त्यानं हाक मारली. पंचासमोर, सगळ्यांसमोर, मेलेल्या मुलाला नावानं. "म्हादा! आरं म्हादा! लेकरा!"

शिवाप्पांनी माझा दंड घट्ट धरला. ड्रिलमास्तरांनी फक्त मान वळवायची होती, की पंचादेखत म्हादा जिवंत ठरला असता. ओ म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. मी मनातल्या मनात विनवत होतो, वळा, एकदा तरी वळा.

मोटार वळणावर गेली तोवर मला त्यांची मान दिसत होती. ती सरळ होती.